पिक्सेल जितका छोटा तितकी एलईडी मंद, असं का होतं? (मायक्रोडिस्प्ले, एआर चष्मे)

किरणोत्सुक:

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्स दुसरं वर्ष, सेमिनारला मायक्रोएलईडी डिस्प्ले घेतलाय. म्हणजे टीव्हीवाले नाही, एआर चष्म्याच्या (समोरच्या दृश्यावर अक्षरं-चित्रं दाखवणारा चष्मा) काडीत बसतात ते. उदाहरणार्थ जेबीडी या चिनी कंपनीचा ०.१३ इंची पॅनल, ६४० गुणिले ४८० पिक्सेल, दोन पिक्सेलमधलं अंतर ४ मायक्रॉन. गुणाकार करून बघितला, २.५६ बाय १.९२ मिलिमीटर येतं, कर्ण बरोबर ३.२ मिमी. इथवर सगळं मजेत होतं.

आता अडलंय ते असं. निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा, आणि आजची चांगली निळी एलईडी घेतली तर तिची एक्स्टर्नल क्वांटम एफिशियन्सी (आत गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनमागे किती फोटॉन बाहेर पडले ते, पुढे ईक्यूई म्हणतो, टाइप करून हात दुखतात) ७०-८० टक्क्यांपर्यंत जाते. मग तोच गॅलियम नायट्राइड, तीच इंगॅनची (इंडियम गॅलियम नायट्राइड) क्वांटम वेल, म्हणजे प्रकाश जिथे तयार होतो तो पातळ थर, फक्त चिप कापून दोन-चार मायक्रॉनची केली की पेपरांमधले आकडे धाडकन खाली येतात, आणि लाल तर बऱ्याच ठिकाणी एक आकडीच. का? क्वांटम वेलची जाडी ३ नॅनोमीटर आणि पिक्सेलची रुंदी २००० नॅनोमीटर, म्हणजे साइझमुळे काहीतरी क्वांटम गंमत होते म्हणावं तर तेही नाही, वेलला बिचारीला कळतसुद्धा नसेल की आपण छोट्या पिक्सेलमध्ये आहोत.

आमचे गाइड म्हणाले "साइडवॉल डिफेक्ट" आणि निघून गेले चहाला. तर माझे प्रश्न:
कडेला नक्की काय होतं? त्यावर उपाय काय निघालेत? लाल रंगच एवढा का रडतो? आणि उपाय निघाले असतील तर अजून चष्मे का दिसत नाहीत रस्त्यावर?

गुगलून मिळेल असं म्हणू नका, गुगलूनच इथवर आलोय.

प्लाझ्मापंत:

गाइड बरोबरच सांगतायत, फक्त चहाची घाई होती त्यांना. मी तैवानात एचिंगमध्येच काम करतो त्यामुळे या विषयात शिव्या कायम आमच्याच खात्याला पडतात, तर आमची बाजू मांडतो.

एलईडीचे सगळे थर आधी पूर्ण वेफरवर सलग वाढवलेले असतात. मग पिक्सेल वेगळे करायला मधला भाग खोदून काढायचा, याला मेसा एच म्हणतात, उरलेला उंचवटा म्हणजे मेसा. गॅन (गॅलियम नायट्राइड) रासायनिकदृष्ट्या भयंकर चिवट, साध्या ॲसिडला दाद देत नाही, म्हणून क्लोरीनचा प्लाझ्मा वापरतात, आयसीपी मशीन. प्लाझ्मात क्लोरीन तर असतोच पण वेगाने येऊन आदळणारे आयन असतात आणि यूव्ही पण असतो. खड्डा मस्त उभा पडतो पण भिंतीवरची जाळी मोडते, नायट्रोजन आधी उडून जातो, गॅलियम उरतो, अर्धवट तुटलेले बॉन्ड लोंबकळत राहतात. या तुटक्या बॉन्डमुळे बँडगॅपच्या मधोमध एनर्जी लेव्हल तयार होतात आणि इलेक्ट्रॉन होल तिथे पायरी पायरीने उतरून भेटतात, प्रकाश न देता, नुसती उष्णता. शॉक्ली-रीड-हॉल रिकॉम्बिनेशन, हे तुम्हाला सिलॅबसमध्ये आहेच.

आता साइझचा संबंध. नारळाच्या वड्या पाडताना सुरीच्या दोन्ही बाजूंना थोडा चुरा पडतो, तो वडी मोठी आहे की छोटी यावर ठरत नाही, सुरीवर ठरतो. वड्या छोट्या पाडल्या की ताटात चुराच जास्त. धरून चालू की कडेपासून ०.३ मायक्रॉन पट्टा वाया गेला. १०० मायक्रॉनच्या चौकोनात शाबूत राहिला ९८.८ टक्के भाग, कोणाला पत्ताही लागत नाही. १० मायक्रॉनला ८८ टक्के. आणि २ मायक्रॉनला? १.४ चा वर्ग भागिले २ चा वर्ग, ४९ टक्के. अर्धा पिक्सेल गेला.

हे झालं ढोबळ. प्रत्यक्षात कडेला अशी रेघ मारलेली नसते, कॅरिअर (इलेक्ट्रॉन आणि होल) आतून कडेपर्यंत डिफ्यूज होत येतात आणि तिथे मरतात. सेमिनारला दाखवायचं तर एबीसी मॉडेल दाखव. ए म्हणजे डिफेक्टवाला नुकसानीचा भाग, बी म्हणजे प्रकाश देणारा, सी म्हणजे ओझे रिकॉम्बिनेशन, कॅरिअर फार दाटले की होणारं बिनप्रकाशाचं नुकसान. कडेमुळे ए मध्ये एक टर्म वाढते, ४ गुणिले सरफेस रिकॉम्बिनेशन व्हेलॉसिटी (कडेला कॅरिअर किती वेगाने मरतात त्याचं माप) भागिले पिक्सेलची बाजू. गॅनला व्हेलॉसिटी १०००  सेंटीमीटर प्रति सेकंद धर, १०० मायक्रॉनला ती टर्म ४ लाख प्रति सेकंद येते, २ मायक्रॉनला २ कोटी. बल्क मटेरियल चांगलं असेल तर त्याचा स्वतःचा ए साधारण दहा लाख ते कोटीच्या घरात असतो. म्हणजे मोठ्या पिक्सेलमध्ये कड कुठे आहे ते शोधावं लागतं आणि छोट्या पिक्सेलमध्ये कड हीच मुख्य गोष्ट.

आणि याच मॉडेलमधून अजून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते जी लोक विसरतात. ईक्यूईचं शिखर ज्या कॅरिअर डेन्सिटीला येतं ती ए भागिले सी चं वर्गमूळ. ए वाढला की शिखर नुसतं बुटकं होत नाही तर उजवीकडे सरकतं, म्हणजे जास्त करंट डेन्सिटीला जातं. मोठी एलईडी १-२ अँपिअर प्रति चौरस सेंटीमीटरला सुद्धा सुखात असते, छोटीला तेवढ्यात जागच येत नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

उपाय. एक, खोदून झाल्यावर केओएच किंवा टीएमएएच या अल्कलीत बुडवायचं, ते मोडकी पृष्ठभागाची साल खाऊन टाकतात आणि खाली चांगल्या क्रिस्टलची गुळगुळीत भिंत उरते. दोन, त्यावर एएलडीने (एकेक अणुथर चढवायची पद्धत) अॅल्युमिना नाहीतर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर. एएलडीच का तर पीईसीव्हीडी या थर चढवायच्या दुसऱ्या पद्धतीत परत प्लाझ्मा आला, म्हणजे जखमेवर मलम लावताना परत ओरखडा. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या ग्रुपने (नाकामुरा तिथेच असतात, डेनबार्स आणि स्पेकसोबत) २०१८ मध्ये २० मायक्रॉनच्या पिक्सेलवर नुसत्या एएलडीच्या थराने ईक्यूई २४ वरून ३३ टक्क्यांवर नेली, आणि २०१९ मध्ये केओएच अधिक एएलडी दोन्ही करून १०० मायक्रॉनपासून १० मायक्रॉनपर्यंत शिखराची ईक्यूई जवळजवळ सारखी ठेवून दाखवली. हा पेपर वाचच.

तीन, मुळात वेफरला प्लाझ्मा लागूच द्यायचा नाही. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठाचे सामुकावा आणि एआयएसटी यांनी न्यूट्रल बीम एचिंग वापरलं, आयनांचा चार्ज काढून घेऊन तटस्थ कण पाठवायचे आणि यूव्ही अडवायचा. ६ मायक्रॉनच्या आसपास फारच कमी नुकसान दाखवलंय त्यांनी. चार, खोदायचंच नाही. इंग्लंडात शेफिल्डच्या ग्रुपने ऑक्साइडच्या मास्कला भोकं पाडून त्या भोकांतच एलईडी वाढवली, भिंत आपोआप क्रिस्टलची तयार होते. मिशिगनला झेटियान मी यांचा ग्रुप नॅनोवायर वाढवतो, तेही याच जातीचं. खालून वर वाढवलेलं असल्यामुळे आमचं खातंच बाद.

लालबद्दल दुसरं कोणीतरी लिहा, माझी शिफ्ट आहे.

किरणोत्सुक:

बाप रे, धन्यवाद प्लाझ्मापंत, एवढं आमच्या सेमच्या नोट्समध्ये पण नाहीये. एक शंका, २०१९ मध्येच १० मायक्रॉनपर्यंत प्रश्न सुटला म्हणता तर मग उरलं काय? आणि १० चं २ केलं तर तीच रेसिपी चालत नाही का?

तांबडफुटी:

लालचं मी सांगते, माझ्या पीएचडीची वर्षं याच्यात गेलीत.

तुझ्या शंकेचं उत्तर आधी: रेसिपी चालते पण पुरत नाही. वर पंतांनी दिलेल्या टर्ममध्ये बाजू भागाकारात आहे ना, १० चं २ केलं की व्हेलॉसिटी पाचपट कमी करावी लागते तेव्हा कुठे होतो तिथेच राहतो. शिवाय २ मायक्रॉनच्या मेसाला केओएचमध्ये थोडा वेळ जास्त झाला की मेसाच बारीक होतो.

लालची गोष्ट निराळीच आहे कारण तो मुळात गॅन नसतो. नेहमीची लाल एलईडी म्हणजे अॅल्युमिनियम गॅलियम इंडियम फॉस्फाइड, गॅलियम आर्सेनाइडवर वाढवलेली. मोठ्या साइझला अप्रतिम मटेरियल आहे, त्याला नावं ठेवू नका. पण त्याची सरफेस रिकॉम्बिनेशन व्हेलॉसिटी गॅनपेक्षा दोन घातांनी, म्हणजे शंभरपट तरी जास्त, लाखाच्या घरात किंवा वर, आणि वर कॅरिअरची डिफ्यूजन लेंथ पण मोठी, काही मायक्रॉन. इंगॅनमध्ये इंडियमच्या चढउतारांमुळे कॅरिअर जागच्या जागी अडकून बसतात, कडेपर्यंत पोचतच नाहीत, ते डिफेक्टने भरलेलं असूनही का चमकतं त्याचं बरंचसं उत्तर हेच. फॉस्फाइडमध्ये असं अडवणारं कोणी नाही, २ मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये कुठेही जन्मलेला इलेक्ट्रॉन कडेला जाऊन येऊ शकतो. म्हणजे येत नाही, गेला तो गेला. त्यात भर तापमानाची, याचे बॅरिअर बुटके असतात त्यामुळे चिप गरम झाली की इलेक्ट्रॉन उडी मारून बाहेर, आणि चष्म्याच्या काडीत प्रोसेसरच्या शेजारी डिस्प्ले बसवल्यावर तो गरम होणारच.

मग लोक म्हणतात लाल पण इंगॅनचाच करा. करा की. निळ्याला इंडियम १५ टक्क्यांच्या आसपास लागतं, हिरव्याला २५ च्या, लालला ३५ आणि वर. इंडियम नायट्राइड आणि गॅलियम नायट्राइडच्या जाळीत साधारण ११ टक्के फरक आहे, जबरदस्तीने बसवलं की प्रचंड ताण, ताणामुळे पिझोइलेक्ट्रिक फील्ड, त्याने इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि होल दुसऱ्या बाजूला, भेट होत नाही. इंडियम टिकावं म्हणून कमी तापमानाला वाढवायचं तर क्रिस्टल खराब. आणि करंट वाढवला की फील्ड झाकलं जातं आणि रंग सरकतो, कमी करंटला लाल, जास्त करंटला नारिंगी, डिस्प्लेवाले कपाळावर हात मारतात. केंब्रिजमधून निघालेली पोरोटेक कंपनी आहे, ते खाली सच्छिद्र गॅन करतात म्हणजे वरच्या थराला थोडं पसरायला मोकळीक मिळते आणि इंडियम जास्त बसतं. कल्पना मला फार आवडते. पण एफिशियन्सी अजून काही टक्क्यांतच खेळते.

गंमत अशी की मोठ्या साइझला फॉस्फाइडपुढे इंगॅनचा लाल अगदीच केविलवाणा दिसतो, पण साइझ कमी करत गेलं की फॉस्फाइड कोसळतो आणि इंगॅन फारसा हलत नाही, काही मायक्रॉनच्या खाली दोघं एकमेकांना ओलांडतात. नक्की कुठे ते कोणाच्या लॅबचा सँपल आहे त्यावर. सेमिनारला एकच ग्राफ टाकायचा असेल तर हा टाक.

तिसरा मार्ग निळ्या पिक्सेलवर क्वांटम डॉट (निळा शोषून लाल देणारे नॅनोकण) ठेवून लाल करायचा. कागदावर छान. पण सगळा निळा शोषायला डॉटचा थर काही मायक्रॉन जाड लागतो, आणि पिक्सेल २ मायक्रॉन रुंद, म्हणजे मनोराच उभा राहिला. वर या डिस्प्लेमध्ये प्रकाशाची तीव्रता एवढी की डॉट लवकर म्हातारे होतात. एमआयटीने २०२३ मध्ये तिन्ही रंग एकावर एक रचून इंचाला ५१०० पिक्सेलपर्यंत नेलं, ते पण बघून ठेव, जागा वाचते त्यात, लालचा आजार मात्र तोच.

भिंगरी:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, वाचनखूण साठवलीये. पण मला एक खटकतं. सगळे ईक्यूई ईक्यूई करतायत आणि चष्म्यात ईक्यूई हा चुकीचा आकडा आहे. मी ऑप्टिक्सवाली, त्यामुळे थोडी तिरकी बघते.

ईक्यूई मोजताना एलईडी इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये ठेवतात, कुठल्याही दिशेने बाहेर पडलेला प्रत्येक फोटॉन धरतात. चष्म्यात पुढे एक बारकी प्रोजेक्शन लेन्स असते, ती तिच्या कोनात येईल तेवढंच घेते. साधी एलईडी लॅम्बर्शियन, सगळीकडे पसरवणारी. अशा पिक्सेलमधून अर्धा कोन २० अंशांच्या आत किती प्रकाश येतो? साइनचा वर्ग. ११.७ टक्के. १५ अंश घेतले तर ६.७. बाकी सगळा लेन्सच्या बाहेर नाहीतर शेजारच्या पिक्सेलवर जाऊन कॉन्ट्रास्ट बिघडवतो. त्यानंतर डिफ्रॅक्टिव्ह वेव्हगाइड (प्रकाश डोळ्यापर्यंत नेणारी चष्म्याची पारदर्शक पट्टी) असेल तर त्यातून डोळ्यापर्यंत पोचतो साधारण एखादा टक्का. भर उन्हात पांढरी भिंत दहा हजार निट्सच्या (चमक मोजायचं एकक) वर असते, तिच्यावर अक्षरं उठून दिसायला डोळ्याशी काही हजार निट्स हवेत, मग पॅनलला लाखांत नाही दहा लाखांत निट्स मागतात ते का, हे आता लक्षात येईल.

आणि मुळात बाहेर पडणं पण सोपं नाही. गॅनचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २.४ च्या आसपास, क्रिटिकल अँगल २४-२५ अंश, सपाट पृष्ठभागातून एका बाजूने फक्त साडेचार टक्के निसटतात. फॉस्फाइडचा इंडेक्स ३.३, तिथे सव्वादोन टक्के. मोठ्या एलईडीत पृष्ठभाग खडबडीत करून हा प्रश्न सोडवला, ७०-८० टक्के तिथून आले. दोन मायक्रॉनच्या पिक्सेलवर खडबडीतपणाच मायक्रॉनचा, मग कुठे बसवणार.

आता गंमत बघ. पिक्सेल छोटा केला की एक्स्ट्रॅक्शन सुधारतं! कारण प्रकाशाला बाजूची भिंत जवळ सापडते, तिथून बाहेर पडतो. म्हणून काही पेपरात आतलं नुकसान बरंच असूनही ईक्यूई बरी दिसते. पण तो प्रकाश आडवा जातोय! स्फिअर त्याला मोजतो, लेन्स मोजत नाही.

यावर काय करतात तर पिक्सेलवर मायक्रोलेन्स. पण लेन्स प्रकाश गोळा करून सरळ करणार कधी, जेव्हा स्रोत लेन्सपेक्षा बराच लहान असेल तेव्हा. ४ मायक्रॉनच्या जागेत ४ मायक्रॉनचा मेसा ठेवून वर ४ मायक्रॉनची लेन्स बसवली तर शून्य उपयोग. मेसा दीड-दोन मायक्रॉनचा करावा लागतो. आणि मेसा लहान केला की काय होतं ते पंतांनी वर सांगितलंच. म्हणजे ऑप्टिक्स म्हणतं स्रोत लहान कर आणि मटेरियल म्हणतं लहान केलास तर मी मरेन. खरं भांडण हे आहे. साइडवॉलचं काम ईक्यूईचा आकडा वाढवायला महत्त्वाचं नाहीये, ते या लेन्सला जागा करून द्यायला महत्त्वाचं आहे.

दुसरा रस्ता मेसालाच पॅराबोलाचा आकार देऊन भिंतीला आरसा करायचा, बाजूला जाणारा प्रकाश वळून सरळ समोर. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या टिंडाल इन्स्टिट्यूटमधून इन्फिनिएलईडी नावाची कंपनी निघाली होती ती हेच करायची, २०१६ मध्ये ऑक्युलसने विकत घेतली. शिवाय रेझोनंट कॅव्हिटी, फोटॉनिक क्रिस्टल वगैरे आहेत. माझं मत विचाराल तर ईक्यूई ५ टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा हा कोन ४५ चा २० अंशावर आणणं जास्त पैसे वसूल.

किरणोत्सुक:

ताई हे भारीच! साइनचा वर्ग मी लगेच इंटिग्रेट करून बघितला, बरोबर येतोय. म्हणजे ३० टक्के ईक्यूईवाला लॅम्बर्शियन पिक्सेल आणि १० टक्क्यांचा पण सरळ फेकणारा पिक्सेल यांत दुसरा जिंकू शकतो?

भिंगरी:

आरामात. ३० चे ११.७ टक्के म्हणजे साडेतीन. १० टक्केवाल्याचा अर्धा प्रकाश जरी २० अंशांत आला तरी ५ झाले. आणि तो कमी गरम होतो असं नाही हां, उलट, वीज तेवढीच खाणार आणि उजेड कमी काढणार. पण डोळ्याला दीडपट मिळालं.

अवांतर: बाजारात आलेल्या बऱ्याचशा हलक्या चष्म्यांत फक्त हिरवी अक्षरं दिसतात ती आवड म्हणून नाही. डोळा ५५५ नॅनोमीटरला सर्वात तीक्ष्ण, ५३० ला अजून ८६ टक्के, लाल ६२० ला ३८ टक्के आणि निळ्या ४५० ला चारपेक्षा पण कमी. हिरवा स्वस्तात पडतो.

नुसताच_वाचक:

सगळं ठीक आहे पण हे दरवर्षी "पुढच्या वर्षी येणार" चालूच आहे. एलईडी बनवणाऱ्या एएमएस ओसरामचा फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठा ग्राहक सोडून गेला, घड्याळाच्या मायक्रोएलईडीसाठी मलेशियात कुलीमला एवढी मोठी फॅक्टरी बांधून बसले होते. ॲपलच्या व्हिजन प्रो मध्ये पण ओएलईडीच आहे. मेटाने ओरायन हा एआर चष्मा दाखवला २०२४ ला, विकला नाही, आणि २०२५ ला जो डिस्प्लेवाला रे-बॅन विकायला काढला त्यात एलकॉस (स्वतः न चमकणारा, दिव्याचा प्रकाश परावर्तित करणारा डिस्प्ले). मग मायक्रोएलईडी म्हणजे नुसती पीएचडीची सोय नाही का? (तांबडफुटी ताई हलके घ्या)

तांबडफुटी:

हलकेच घेतलं, पीएचडीची सोय झाली हे खरंच आहे. पण कुलीमचं उदाहरण इथे बसत नाही. घड्याळासाठी लाखो सुट्या एलईडी वेफरवरून उचलून एकेक काचेवर नेऊन ठेवायच्या असतात, तिथे लढाई मास ट्रान्स्फर, यील्ड आणि किमतीची. चष्म्याच्या डिस्प्लेत काही उचलायचं नसतं, एलईडीचा अख्खा तुकडा सिलिकॉनच्या चिपवर चिकटवतात. रोग वेगळा आहे. व्हिजन प्रो तर बंद डब्यासारखा हेडसेट, उन्हाशी झगडायचं नाही, तिथे ओएलईडी पुरतो. ओरायनमध्ये मात्र मायक्रोएलईडीचेच प्रोजेक्टर होते आणि वेव्हगाइड सिलिकॉन कार्बाइडचा. एलकॉसला वेगळा दिवा लागतो, आणि पडद्यावर दोनच शब्द दाखवायचे असले तरी तो दिवा जळतच असतो. मायक्रोएलईडीत जे पिक्सेल पेटलेत तेवढेच खातात.

चालकमालक:

शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे ताई. मी डिस्प्ले ड्रायव्हर आयसीच्या लेआऊटमध्ये आहे, आमची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. पिक्सेल बंद असले तरी खालचा सीमॉस बॅकप्लेन (पिक्सेल चालवणारी सिलिकॉन चिप) चालूच असतो, क्लॉक आहे, मेमरी आहे, डेटा येतोय. चष्म्यात चार ओळी मजकूर दाखवताना कधीकधी एलईडीपेक्षा आमचीच चिप जास्त पिते, तेव्हा एलईडीची ईक्यूई दुप्पट केली तरी बॅटरीला फरक कळत नाही.

पण मुख्य मुद्दा पंतांनी "पुढे लागेल" म्हणून सोडलेला. छोट्या पिक्सेलचं शिखर जास्त करंट डेन्सिटीला गेलंय. समजा २ बाय २ मायक्रॉनचा मेसा, शिखर १० अँपिअर प्रति चौरस सेंटीमीटरला, म्हणजे पिक्सेलला ०.४ मायक्रोअँपिअर. आता घरात संध्याकाळी एवढा उजेड नकोय, दहावा हिस्सा बास. सरळ करंट कमी करून ४० नॅनोअँपिअर केला तर तू शिखरावरून घसरून त्या ए वाल्या खड्ड्यात गेलास, करंट दहावा आणि उजेड कदाचित तिसावा. आणि नॅनोअँपिअरला शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक एवढा की पडद्यावर नुसती पुरळ उठल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा करंट ०.४ च ठेवायचा आणि वेळेच्या दहाव्या हिश्श्यातच पेटवायचा, पीडब्ल्यूएम. पिक्सेल पेटेल तेव्हा शिखरावरच पेटेल. नवीन मटेरियल नाही, केओएच नाही, फुकटात एफिशियन्सी.

फुकट म्हणजे अगदी फुकट नाही. ६० हर्ट्झला फ्रेम १६.७ मिलिसेकंद, त्याचा दहावा भाग १.६७, त्यात २५५ पायऱ्या पाडायच्या म्हणजे सर्वात बारीक पल्स साडेसहा मायक्रोसेकंद. लाखो पिक्सेलना एवढ्या वेळात पाजायचं तर प्रत्येक पिक्सेलखाली मेमरी हवी आणि जागा आहे ४ बाय ४ मायक्रॉन. म्हणून बारीक नोडचा (म्हणजे छोट्या ट्रान्झिस्टरचा) सीमॉस लागतो, तो महाग. हे असं फिरत राहतं.

अजून एक, सप्लाय. निळ्याला तीनएक व्होल्ट लागतात, लालला दोन. तिघांना एकच ३.३ व्होल्टची लाइन दिली तर लालचे १.३ व्होल्ट, म्हणजे जवळपास ४० टक्के, ट्रान्झिस्टरमध्ये गरम होऊन जातात. लाल आधीच अशक्त, त्यात त्याचाच पगार कापायचा. वेगळा सप्लाय द्यायचा तर वेगळी वायरिंग. लेआऊटवाल्याला विचारा मग तो काय म्हणतो ते.

किरणोत्सुक:

चालकमालक सर, पीडब्ल्यूएमचं तर कुठल्याच रिव्ह्यू पेपरात एवढं स्पष्ट नव्हतं, निदान मी वाचले त्यात. गाइडना आत्ताच फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग वेगवेगळ्या लॅबच्या ईक्यूईचे आकडे एका टेबलमध्ये टाक बघू." ते टाकू का? बरोबर तुलना होईल ना?

प्लाझ्मापंत:

शिफ्ट संपवून आलो. टेबल टाक, पण प्रत्येक ओळीपुढे हे पण लिही नाहीतर परीक्षक धुतील. एक, करंट डेन्सिटी कुठली, शिखराची की प्रत्यक्ष डिस्प्ले चालतो तिथली. दोन, एकच पिक्सेल मोजला की हजारभर समांतर जोडून मोजले, कारण एकट्या २ मायक्रॉनच्या पिक्सेलचा उजेड एवढा कमी की बरेच जण ॲरे मोजतात, आणि ॲरेत दहा-वीस मेलेले असले तरी कळत नाही. तीन, क्षेत्रफळ कुठलं धरलं, मास्कवरचं की एच आणि केओएच झाल्यावर उरलेलं, २ मायक्रॉनला दोन्ही बाजूंनी ०.१ गेला तरी क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी कमी. चार, प्रकाश कसा गोळा केला, स्फिअर की वरून लेन्स की वेफरच्या खाली ठेवलेला डिटेक्टर. पाच, तापमान. लालच्या ओळीत २५ अंश आणि ८० अंश यात एवढा फरक पडतो की तापमान लिहिलेलं नसेल तर ती ओळ सरळ गाळ.

तांबडफुटी:

+१. आणि लालच्या ओळीत तरंगलांबी पण लिही. ६०० नॅनोमीटरला "रेड" म्हणून छापणारे बरेच आहेत, ते नारिंगी आहे. डिस्प्लेला ६२० च्या पुढचं लागतं आणि इंगॅनमध्ये त्या शेवटच्या २० नॅनोमीटरमध्येच अर्धी एफिशियन्सी जाते.

भिंगरी:

आणि जमलं तर एक कॉलम २० अंशांच्या आतल्या प्रकाशाचा. बहुतेक ओळींत तो रिकामाच राहील, पण राहू दे, परीक्षकांनी विचारलं तर सांग की त्यांनी मोजलाच नाही.